फकिराच्या दारातला विसावा



रोज गाथेतला एक अभंग आणि त्यावर चार ओळी, हा आपला नेम. आज तो मोडतोय. पालखी जवळ आलीय आणि गेले आठ दिवस माझ्या डोक्यात अभंग नाही, अभंग लिहिणाऱ्याचं आयुष्य घोळतंय. त्यातही त्या आयुष्यात आलेली दोन माणसं. एक वाघोलीचे रामेश्वरभट्ट, दुसरे अनगडशहा फकीर. म्हणून आज तुकोबांचं चरित्र, पण या दोघांच्या बाजूने.

हे का सुचलं ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं पुस्तकी वाटेल. आमच्या सोसायटीतले काहीजण दरवर्षी पालखीच्या दिवशी आकुर्डीच्या रस्त्याला वारकऱ्यांना पाणी आणि केळी वाटतात. मीही असतो. यंदा समोरच्या बिल्डिंगमधल्या चाचांनी ग्रुपवर लिहिलं की पाण्याचे जार माझ्याकडून, पैसे नकोत. त्यांचा जारचाच धंदा आहे. दोन-तीन अंगठे आले. मग एकाने लिहिलं की भावना चांगली आहे, पण हे आपलं आपल्यात राहिलेलं बरं. त्यानंतर ग्रुपवर चिडीचूप. तासाभराने चाचांनी आपला मेसेज डिलीट केला.

मी हे सगळं ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून बघत होतो. उत्तर टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं आणि फोन टेबलावर उलटा ठेवला.

रविवारी सकाळी मी एकटाच बेडशाला गेलो. कामशेतवरून पवनानगरच्या रस्त्याला लागायचं, बेडसे गावातून पुढे गेलं की डोंगरात पायऱ्या सुरू होतात. कार्ल्याला एकवीरेची गर्दी, भाज्याला पावसाळी गर्दी. बेडशाला त्या मानाने शांत असतं. चैत्यगृह पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी लवकर पोहोचलं तर ऊन सरळ आत जातं. ओसरीतले ते उंच खांब, त्यांच्या माथ्यावर हत्ती-घोडे आणि त्यांवर बसलेली जोडपी. दोन हजार वर्षांपूर्वी छिन्नी-हातोड्याने कोरलेलं हे काम बघितलं की आमच्या दर तीन महिन्यांनी बदलणाऱ्या कोडची लाज वाटते. असो.

तिथे ब्राह्मी लिपीतले लेख आहेत. एकात नाशिकच्या आनंद श्रेष्ठीच्या मुलाचं, पुष्यणकाचं नाव आहे. म्हणजे नाशिकच्या सावकाराचा मुलगा मावळातल्या भिक्खूंसाठी पैसे खर्च करतो. दुसरा लेख पाण्याच्या टाक्यावर आहे. महाभोजाची मुलगी, आपदेवणकाची बायको, महारठिनी सामडिनिका, तिचं हे दान. राजघराण्यातली बाई, आणि तिचं नाव आज कशामुळे उरलंय तर डोंगरात राहणाऱ्या भिक्खूंच्या पाण्याची सोय केली म्हणून.

मी त्या टाक्याजवळ बसलो आणि मला चाचांचे जार आठवले. मोबाइलवर गाथा उघडली होती, ती वाचवेना.

लेणी आणि तुकोबा यांचा संबंध आपण विसरतो. एकांतासाठी तुकोबा ज्या डोंगरांवर जाऊन बसत ते भामचंद्र, भंडारा, घोरावडेश्वर. भामचंद्रावर आणि घोरावडेश्वरावर जुनी लेणी आहेत. घोरावडेश्वर तर देहूरोडच्या पुढे जुन्या हायवेवरून दिसतो, पिंपरी-चिंचवडची निम्मी तरुण मंडळी रविवारी तिथे वजन कमी करायला चढतात. वर कोरलेल्या विहारात आता महादेव आहे. म्हणजे कुणीतरी भिक्खूंसाठी कोरलेली गुहा, त्यात नंतर आलेला शंकर, आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे तिथे विठ्ठल विठ्ठल करत बसलेला देहूचा एक वाणी. एकाच खडकाला हे तिघंही चालले.

तर तो वाणी. जन्म १६०८ चा, असं बहुतेक अभ्यासक धरतात. वडील बोल्होबा, आई कनकाई, थोरले भाऊ सावजी, धाकटा कान्होबा. घर खाऊनपिऊन सुखी, गावची महाजनकी घरात, सावकारी आणि दुकान चालतं, दारातच पूर्वज विश्वंभरबाबांचा विठोबा. सावजीचं मन संसारात नव्हतं, म्हणून प्रपंच मधल्या तुकोबांच्या गळ्यात आला. सतरा-अठरा वर्षांचं वय होईतो आईवडील गेले. सावजी बायको वारल्यावर तीर्थाटनाला निघून गेले. मग १६३० चा दुष्काळ आला. दोन वर्षं माणसं अन्नासाठी तडफडून मेली. तुकोबांची थोरली बायको रखमाबाई उपासमारीत गेली, मुलगा संतोबा गेला, दुकान बुडालं, दिवाळं निघालं. वय तेव्हा जेमतेम बावीस-तेवीस. आपल्याकडे या वयात पहिली नोकरी लागलेली असते.

त्यानंतर त्यांनी केलेली एक गोष्ट मला नेहमी सगळ्या चमत्कारांपेक्षा मोठी वाटते. वडिलांपासून चालत आलेली कर्जखतं घरात होती. लोकांकडून येणं होतं. तुकोबांनी ती निम्मी भावाला दिली, कारण भावाच्या हक्कावर आपण उदार व्हायचं नाही. स्वतःच्या वाट्याची निम्मी इंद्रायणीत बुडवली. दुष्काळातून कसंबसं वाचलेल्या किती कुटुंबांच्या मानेवरचं जू त्या दिवशी उतरलं असेल. देहूच्या त्या कर्जदारांत कोणकोण होतं याची यादी नदीतच गेली. पण मावळातलं गाव म्हटलं की त्यात मुलाणी असायचाच, आणि त्या काळी हा मुलूख आधी निजामशाहीकडे होता, १६३६ नंतर आदिलशाहीकडे गेला. फकीर, दर्वेश, काजी हे तुकोबांच्या रोजच्या बघण्यातले लोक होते.

आणि हे गाथेत दिसतं. गाथा पूर्ण वाचणारे थोडे, म्हणून हे फारसं कुणाला माहीत नसतं. तिच्यात दरवेस, मलंग अशा मथळ्यांखाली दख्खनी बोलीतल्या रचना आहेत. त्यात तुकोबा देवाला चक्क अल्ला म्हणून हाक मारतात, दारोदार फिरणाऱ्या फकिराच्या तोंडची भाषा घेतात. त्यांच्या आधी एकनाथांनी भारुडांत हेच केलं होतं. दुसरीकडे एका अभंगात तुकोबा भक्तांची नामावळी देतात. त्यात गोरा कुंभार, रोहिदास, सेना न्हावी, चोखामेळा यांच्या पंक्तीला कबीर आहेत, लतीफ मुसलमान आहे, दादू पिंजारी आहे. नावांच्या पुढे जात लिहिलीय, ती लपवलेली नाही आणि तिच्यावरून वेगळं ताटही मांडलेलं नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हे नुसतं मार्क करून पुढे गेलो होतो.

आता रामेश्वरभट्ट. वाघोलीचे विद्वान ब्राह्मण, आणि एका मर्यादेत प्रामाणिक माणूस, असं माझं मत आहे. त्यांना मनापासून वाटत होतं की शूद्र जातीच्या माणसाने प्राकृतात वेदांचा अर्थ सांगणं हा अधर्म आहे. त्यांनी तुकोबांना कवित्व बंद करायला आणि लिहिलेल्या वह्या बुडवायला लावल्या. तुकोबांनी वह्यांना दगड बांधला आणि इंद्रायणीत सोडल्या. आधी त्यांनी स्वतःच्या खुशीने खतं बुडवली होती. या वेळी दुसऱ्याच्या हुकमाने आपलंच आयुष्य बुडवलं. मग शिळेवर तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसून राहिले. वह्या तरल्या, हे आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलोय.

त्या तेरा दिवसांच्या आसपास दुसरीकडे काय घडलं ते महिपतीबुवांनी सांगितलंय. अठराव्या शतकातले ताहाराबादचे महिपती, ज्यांनी आपल्याला सगळ्या संतांच्या गोष्टी दिल्या. ही कथा तुकोबांनंतर शंभरेक वर्षांनी लिहिलेली आहे आणि ती भक्तांची कथा आहे. कोर्टातला पुरावा म्हणून वाचू नका. कथा अशी की रामेश्वरभट्ट वाटेत अनगडशहा नावाच्या फकिराच्या जागेतल्या पाण्यावर आंघोळीला उतरले. फकीर संतापला आणि त्याने शाप दिला. भट्टांच्या अंगाची आग आग सुरू झाली. पाण्यातून बाहेर आले की दाह, म्हणून ओली वस्त्रं अंगावर घेऊन बसायचे. काही केल्या शमेना. शेवटी आळंदीला ज्ञानोबांच्या दारात जाऊन पडले. तिथे स्वप्नात दृष्टांत झाला की तुकोबांना शरण जा, तूच त्यांचा अपराध केला आहेस. मग देहूला निरोप गेला.

इथे कथा क्षणभर थांबते असं मला वाटतं. तुकोबांच्या जागी आपण असतो तर? ज्याने आपलं लिहिलेलं सगळं पाण्यात घालायला लावलं तो माणूस जळतोय आणि मदत मागतोय. एक साधा टोमणा तरी मारलाच असता. तुकोबांनी उत्तरादाखल एक अभंग लिहून पाठवला, चित्त शुद्ध असेल तर शत्रूही मित्र होतात या अर्थाचा. तो वाचता वाचता भट्टांचा दाह शमला.

इंजिनियर म्हणून मला ही कथा बरीच वर्षं अवघड वाटायची. शाप, दाह, दृष्टांत. मी ती ओलांडून जायचो. बेडशाच्या त्या टाक्याजवळ बसल्यावर पहिल्यांदा तिच्यातली माणसं नीट दिसली. यात कुणीच गोडगोड नाही. फकीर रागीट आहे, आपल्या पाण्यावर हक्क सांगणारा आहे. भट्ट आपल्या विद्येच्या तोऱ्यात आहेत. दोघांत सौहार्द वगैरे काही नाही. एकाला दुसऱ्याचा शब्द भाजतो. आणि त्या भाजण्यावर औषध तिसऱ्याच्याच घरात आहे, ज्याला या दोघांपैकी एकाने आधीच लुबाडलंय. महिपतीबुवांना हे भांडण झाकून टाकता आलं असतं. त्यांनी झाकलं नाही.

पुढे परंपरा असं सांगते की हे कळल्यावर फकीर स्वतः देहूला आला. आपला शब्द उतरवणारा हा तुका आहे तरी कोण, ते बघायला. त्याच्या हातात कटोरा होता आणि तो कटोरा म्हणे कुणाच्याच दारात भरत नसे, कितीही घाला. तुकोबांच्या घरात तर खायची भ्रांत. जिजाई काय म्हणाली असेल त्याची कल्पना आपण करू शकतो, आणि तिचं चुकत होतं असंही नाही. घरातल्या लहान मुलीने पुढे होऊन त्या कटोऱ्यात पीठ घातलं. कटोरा भरला.

दोघांनी बसून धर्मावर चर्चा केली, असं या कथेत नाही. पाण्यावरून सुरू झालं आणि पिठावर मिटलं.

फकीर तुकोबांचा झाला, पण फकीरच राहिला. रामेश्वरभट्टही बदलले. तुकोबांच्या कीर्तनात मागे उभे राहणाऱ्या टाळकऱ्यांत ते सामील झाले. त्या टाळकऱ्यांत चाकणचे संताजी जगनाडे, जातीने तेली, गाथेच्या वह्या लिहून ठेवणारे. गंगाराम मवाळ. आणि त्याच देहूत आलेली ब्राह्मण बाई बहिणाबाई, जिने शूद्र गुरू केला म्हणून मंबाजी गोसाव्याचा जाच सोसला. या मंबाजीने तुकोबांनाही काट्यांच्या फांदीने झोडपलं होतं. संध्याकाळी कीर्तनाला मंबाजी दिसला नाही, तेव्हा तुकोबा त्याला बोलवायला त्याच्या दारी गेले. हे मला जमणार नाही, प्रामाणिकपणे सांगतो. मी अजून ग्रुपवरच्या त्या माणसाला लिफ्टमध्ये बघून मोबाइलमध्ये तोंड घालतो.

तुकोबांची जी आरती आपण टाळ्या वाजवत म्हणतो, तिच्या शेवटच्या कडव्यात नाव कुणाचं येतं ते आठवा. रामेश्वरभट्टांचं. वह्या बुडवायला लावणाऱ्यानेच ती लिहिली.

तुकोबा १६५० च्या सुमारास गेले, फाल्गुन वद्य द्वितीयेला, जिला आपण बीज म्हणतो. वय बेचाळीसच्या आसपास. धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सुरू केली, तुकोबांच्या पादुका घेऊन आणि त्या वेळी ज्ञानोबांच्याही बरोबर घेऊन. प्रस्थानानंतर पालखी पहिल्या रात्री देहूतच इनामदारवाड्यात असते. दुसऱ्या दिवशी निघते आणि गावाबाहेर पडताना थांबते ती अनगडशहाबाबांच्या दर्ग्यापाशी. वाटेवरचा हा पहिला विसावा. तिथे अभंग-आरती होते आणि मग दिंड्या आकुर्डीकडे वळतात.

मी हे दृश्य एकदाच प्रत्यक्ष पाहिलंय, कॉलेजात असताना, गर्दीत मागे उभा राहून. तेव्हा मला ते किती छान, किती भावूक वगैरे वाटलं होतं. आता वेगळं वाटतं. वारीत कुठे किती वेळ थांबायचं, कुठली दिंडी कुणाच्या पुढे, हे मिनिटाच्या हिशोबाने ठरलेलं असतं. लाखो माणसं चालवायची तर दुसरा इलाजच नाही. त्या कडक वेळापत्रकात कुणीतरी कधीतरी हा थांबा घातला, आणि सगळ्यांत आधी घातला. कुणाचा मूड असो नसो, त्या वर्षी गावात वातावरण कसंही असो, पालखी तिथे थांबते. आमच्या भाषेत सांगायचं तर तो रिकरिंग इव्हेंट आहे, दर वर्षी नव्याने मान्यता घ्यावी लागत नाही. रामेश्वरभट्टांची आरती तोंडपाठ असलेले वारकरी त्याच फकिराच्या दारात उभे राहतात, ज्याच्या शापाने भट्ट जळत होते. बहुतेकांना ती गोष्ट ठाऊकही नसेल. पाय मात्र थांबतात.

जाता जाता आणखी एक. याच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, आणि पंढरपूरचा पांडुरंग म्हणजे बुद्धच, हे आपण सिद्ध करणार असल्याचं त्या भाषणात सांगितलं. त्याच बाबासाहेबांनी १९२० मध्ये मूकनायक काढलं तेव्हा शिरोभागी तुकोबांचा अभंग छापला होता. वारकरी म्हणून मला पांडुरंगाबद्दलचं ते मत पटतं की नाही हा वेगळा विषय आहे, त्यावर कधीतरी सविस्तर लिहीन. पण बेडशाच्या चैत्यात अगरबत्तीचा वास येत होता आणि स्तूपासमोर कुणीतरी ताजी झेंडूची फुलं ठेवली होती. ती बौद्ध माणसाने ठेवली की गावातल्या आजीने, हे फुलांवरून कळत नव्हतं.

दुपारी घरी आलो. संध्याकाळी चाचांच्या दारात गेलो. आमच्या दोन बिल्डिंगमध्ये चाळीस पावलांचं अंतर आहे आणि चार वर्षांत मी पहिल्यांदा त्यांच्या घरात शिरत होतो. चाचीने चहा टाकला. मी सरळ माफी मागितली, की त्या दिवशी मी वाचत होतो आणि बोललो नाही. चाचा हसले नाहीत. इंजिनियरसाहेब, तुम्ही एकटे थोडेच होता, एवढंच म्हणाले. मग बराच वेळ त्यांच्या गुडघ्याबद्दल आणि टेम्पोच्या पासिंगबद्दल बोलत राहिले. मी जारचा विषय काढला तेव्हा म्हणाले, बघू. आपल्यामुळे मंडळींत भांडण नको, वारकऱ्यांना काय, पाणी कुणीतरी देईलच.

मी त्यांना अनगडशहाबाबांच्या विसाव्याचं सांगायला लागलो तर त्यांनी मध्येच थांबवलं. त्यांना ते माहीत होतं. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी पालखी तिथेच पाहिली होती, दर्ग्याच्या बाजूने. मी बघत होतो ती बाजू रस्त्याची होती.

घरी येऊन ग्रुपवर लिहिलं की यंदा पाण्यासाठी मी चाचांना विनंती केली आहे, कुणाला अडचण असेल त्याने मला फोन करावा. या वेळी पुसलं नाही. दोन फोन आले. एक बराच वेळ चालला आणि त्यातून काही निष्पन्न झालं नाही. दुसरा ज्यांनी तो मेसेज टाकला होता त्यांच्या बायकोचा होता, तिला विचारायचं होतं की केळी किती डझन आणायची.

चाचांचा होकार अजून आलेला नाही. वीस लिटरचे चाळीस जार लागतील असा माझा अंदाज आहे, आणि पाऊस नसला तर पन्नास. पालखी निघायला सहा दिवस आहेत. उद्या सकाळी कामावर जाताना परत त्यांच्याकडे डोकावणार आहे.

उद्यापासून नेहमीसारखा अभंग.

रामकृष्ण हरी.